आधी एको

आमच्या ऑफिसात ‘सगळे’ हा शब्द तोंडातून काढायची चोरी होती. कोणी म्हणालं, “सगळ्यांना चहा सांगा,” की कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमागून सुनंदाताईंचा आवाज यायचा, “सगळे म्हणजे कोण कोण? नावं घ्या.” नावं घ्यायला लागलं की हटकून कोणीतरी सुटलेलं निघायचं, बहुतेक वेळा खालचा वॉचमन. मग त्याचाही चहा यायचा.

परळच्या त्या लहानशा ऑफिसात आम्ही पाडायला निघालेल्या चाळींमधले जुने फोटो स्कॅन करून जपायचो. ताई स्वतः नायगावच्या चाळीत वाढलेल्या, वडील गिरणीत. ऑफिसचे कॉम्प्युटर त्या सांभाळायच्या. माउसला शक्यतो हात लावायच्या नाहीत. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून कामं उरकायच्या आणि मलाही तसंच शिकवायच्या.

काहीही पुसायचं तर पुसण्याच्या कमांडच्या जागी आधी ‘एको’ लिहायचं, हा त्यांचा कडक नियम. एको काही पुसत नाही, नुसती नावं वाचून दाखवतो. ती डोळ्यांखालून घालायची आणि मगच पुसायचं. मला वैताग यायचा. मी मनातल्या मनात त्यांना एकोताई म्हणायचे. एकदा ते तोंडून निसटलं, मग अख्खं ऑफिसच तसं म्हणायला लागलं, आणि त्यांना ते आवडायचंही.

एकदा लालबागच्या हौसाआजींचे फोटो आले. त्यांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो वाळवीनं असा पोखरला होता की स्कॅनरवरून उचलताना त्याचा भुगाच झाला. आता तो फक्त आमच्या फोल्डरमध्ये उरला होता, आणि फोल्डरची दुसरी प्रत अजून काढायची होती. त्याच फोल्डरमध्ये कशी कोण जाणे, एक रिकामी फाइल तयार झाली होती. तिचं नाव म्हणजे नुसता एक स्टार, कीबोर्डवरचं * हे चिन्ह. ती माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. मी पुसायची कमांड लिहिली, पुढे स्टार टाकला, आणि एंटर दाबणार तोच खांद्यावर हात पडला.

“वर्षा, एको कुठंय?”

मी नाइलाजानं एको घातलं. एकच नाव यायचं, तर फोल्डरमधल्या झाडून साऱ्या फोटोंची नावं भराभर पडद्यावर आली. त्यात ‘हौसाआजी-लग्न’ होतं. मी कीबोर्डवरचे हात झटकन मागे घेतले.

“घाबरू नको गं, काही गेलं नाही,” ताई म्हणाल्या. “कॉम्प्युटरच्या लेखी स्टार म्हणजे इथलं सगळं. तुला एकच फाइल म्हणायचीय हे त्याला कसं कळणार? तो काय मनकवडा आहे? स्टार सिंगल कोटमध्ये टाक, म्हणजे तो त्याला नाव म्हणूनच घेईल. आणि परत एको.”

मी अवतरणचिन्हं टाकली. या वेळी पडद्यावर एकटा स्टार उमटला. मग पुसलं.

पुढच्या आठवड्यात आजी प्रिंट न्यायला आल्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, “घर गेला, पण हे रवले गो माझ्याकडे.” ताईंनी पंखा त्यांच्याकडे वळवला आणि पाणी दिलं. माझ्या त्या चुकीबद्दल एक अक्षरही त्यांनी आजींना सांगितलं नाही, मलाही पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. त्यांचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

गेल्या वर्षी ताई वारल्या. काही दिवसांनी त्यांच्या लेकीचा, प्रज्ञाचा फोन आला.

“वर्षाताई, खोली रिकामी करून द्यायचीय. आईचं सगळं काढून टाकतेय.”

“सगळं म्हणजे काय काय?” माझ्या तोंडून निघून गेलं.

पलीकडून हुंदका ऐकू आला.

“परत म्हणा ना,” ती म्हणाली.

मी परत म्हटलं. आणि म्हटलं, “कशाला हात लावू नकोस. मी निघालेच. दोघी मिळून एकेक बघू.”