गयेसाठी नेलेल्या कण्या

गयेचा नवरा गेल्याचा निरोप अकोल्याहून रिकाम्या गाडीने परतणाऱ्या एका गाडीवानाने आणला. मी परड्यात अंबाडी खुडत होते. "पटकीनं गेला. दोन उलट्या, अन् संपलं," एवढं बोलून त्याने बैलांना पाणी पाजलं आणि वाट धरली. मी खुडलेली अंबाडी तशीच टाकली आणि कणगीतली ज्वारी काढायला घेतली.

गया माझी धाकटी बहीण. ती बार्शीटाकळीला दिलेली, मी अंजनगावात. आमच्यात माणूस गेलं की घरच्यांना दु:खाचा पहिला घास दुसऱ्याने भरवावा लागतो. कडू घास म्हणतात त्याला. घरच्या बाकीच्यांना भावकी भरवते, पण रांडवलेल्या बाईचा घास माहेरचाच लागतो, आणि आमच्या माहेरी आता मीच उरले होते. माझा नवरा गेला तेव्हा मला घास गयेनेच भरवला होता. तेव्हा ती परकरातून नुकती लुगड्यात आलेली. सगळ्यांनी भाकरी पुढे केली होती आणि ती माझ्या घशाखाली उतरत नव्हती. ही पोर चुलीपाशी गेली, कण्या शिजवल्या, ताक घालून सैल केल्या आणि बोटांनी माझ्या ओठाला लावल्या. त्या चावाव्या लागल्या नाहीत. मी जगले ती त्या दिवसापासून. म्हणून मी कण्याच नेणार होते.

ज्यांनी कधी खाल्ल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. कण्या म्हणजे जात्यावर भरडलेली ज्वारी. ज्वारीला पाण्याचा हात लावून सावलीत पडू द्यायची. मग जात्याच्या मधल्या खिळ्याभोवती चिंधीची कडी घालायची, म्हणजे वरचा दगड किंचित उचलला जातो आणि दाणा फुटतो, त्याचं पीठ होत नाही. चाळून पीठ वेगळं काढायचं आणि सुपात पाखडून कोंडा उडवायचा. मात्र ओल लागलेल्या कण्या बांधून नेल्या तर वाटेत आंबतात. म्हणून मी ज्वारी अख्खीच फडक्यात बांधली. भरडणं तिच्या घरी करू. जातं कुणाच्या घरात नसतं?

गाडी मिळणं हीच मोठी अडचण. या दिवसांत वऱ्हाडातली जी गाडी चालते ती कापूस घेऊनच चालते, आणि बसायची जागा माणसापेक्षा कापसाला आधी मिळते. दर्यापूरपर्यंत मी आमच्या आळीतल्यांच्या गाडीत मागे पाय सोडून बसले. दर्यापूरला रहिमभाई नावाचा म्हातारा गाडीवान भेटला. त्याच्या गाडीत दोकडे होते, म्हणजे कापूस पायाने तुडवून ठासलेली मोठी पोती. त्याने मला त्यांच्यावर चढवलं. भाडं विचारलं तर म्हणाला, "मौतीले चालली ना माय तू? मंग काय भाडं घेऊ. वरून पडू नको फकस्त, मले दुसरी मौत नको."

तुम्ही या वाटेने जाणार असाल तर पूर्णेच्या अलीकडेच पाणी भरून घ्या. नदीच्या उतारावर गाड्यांची एवढी दाटी असते की खालचं पाणी दिवसभर गढूळ राहतं. पूर्वी मी या वाटेने आले तेव्हा दोन्हीकडे ज्वारी उभी होती, माणूस बुडेल एवढी. आता काळ्या जमिनीत नजर जाईल तिथवर पराटीच, म्हणजे कापसाची झाडं. दिसायला छान दिसते, नाही म्हणणार नाही. पण तिच्यावर एक पाखरू नाही. खायला काही नसेल तर ते तरी कशाला येईल?

"हे सगळं काहून व्हून राहिलं, रहिमभाई?" मी विचारलं.

"समुंदराच्या पल्याड भाऊ-भाऊ लढून राहिले म्हणते माय. तिकडचा कापूस बंद, म्हून आपल्याले भाव. लढाई थांबली का आपून बसलो मातीत."

"कुणाचे भाऊ मरतात अन् कुणाचा भाव चढतो."

"आपून तं बैल हाकतो," तो म्हणाला आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवला.

अकोल्यात मोर्णेच्या काठी धर्मशाळा आहे. जागा स्वच्छ, पण चूल स्वतःची मांडावी लागते आणि सरपण महाग. बाजारात ज्वारी पाहिली. आमच्याकडे पायली यायची त्या पैशात इथे शेर. दुकानदार म्हणाला, "गहू घ्या ना बाई, आता सारे गहूच खातात." ज्वारीचं तोंड पाहायला लोक लाजत असल्यासारखा बोलत होता. मी काही घेतलं नाही. माझं गाठोडं मांडीवर होतं.

बार्शीटाकळीला पोचले तर गयेच्या दारात चार गाड्या दोकड्यांनी भरून उभ्या. बैल सोडलेले. गया ओट्यावर खांबाला टेकून गाड्यांकडे तोंड करून बसलेली. मी जवळ बसले तरी मान वळवली नाही. हात हातात घेतला तर काडीसारखा लागला.

तिची सासू बाहेर आली. डोळे सुजलेले. "आल्या का इहीणबाई. हिनं पान्याशिवाय काईच घेतलं नाई. आता तुमीच घाला तिच्या तोंडात."

मागून तिचा दीर किसन आला. हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. भाऊ गेल्यावर तोही वाळला होता. पण त्याचा एक पाय घरात आणि एक गाडीच्या जुवावर. "बाई, बरं झालं आल्या. माय म्हणते, वयनीचा घास झाल्याबिगर उंबऱ्याबाहेर गाडी काढाची नाई. इकडं भाव रोज खाली येऊन राहिला. शिरा करून ठेवला आहे, अकोल्याहून रवा आनला. एक घास भरवा अन् मोकळं करा."

"मी कण्या करणार आहे," मी म्हटलं.

"कण्या?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "पावने बसले आहेत बाई, अडतेवाले. त्यायच्यासमोर कण्या काहून?"

मी जातं शोधायला आत गेले. खालचा दगड कोपऱ्यात होता, वरचा नव्हता. विचारलं तर सासू खाली बघत म्हणाली, "वखारीत सुटा कापूस आहे, वाऱ्यानं उडते. त्याच्यावर वजन म्हून ठेवला." मी वखारीत पाहिलं. पांढऱ्या ढिगाच्या डोक्यावर जात्याचा दगड बसला होता. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी निम्मा ढीग उपसावा लागला असता.

शेवटी गल्लीच्या टोकाला मंजुळा माळिणीकडे गेले. तिचा वांग्या-मेथीचा लहानसा मळा. तेवढ्या तुकड्यात कापूस काय लावणार, म्हणून तिच्या घरी जातंही होतं आणि चिंधीची कडीही. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. "गयाबाई माह्याकडून मेथी न्यायची," ती म्हणाली, "नवऱ्याले आवडे म्हून. माणूस गेला, आता मेथी कोण खाईन." एवढंच बोलली आणि खुंटा जोरात ओढला.

परत येऊन चूल पेटवली. पाण्याला आधण आलं की मीठ टाकायचं, कण्या धारेने सोडायच्या आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. मग आच कमी करून झाकण. शिजल्या की भातासारख्या मऊ नसतात. दाणा दाण्याला ओळखत राहतो, जिभेला थोडं खरखरीत लागतं, आणि मागून मातीसारखी फिकी गोडी येते. गरम असताना दूध-गूळ घालून लेकरांना देतात. मोठ्यांना तुरीचं वरण किंवा जवसाची चटणी नि वर कच्चं तेल. अंबाडीच्या भाजीत मूठभर टाकल्या तर भाजीचा आंबटपणा आटोक्यात येतो. उरल्या तर सकाळी ताक आणि कांदा. दु:खात मात्र फक्त ताक नि मीठ.

वाटी घेऊन गयेसमोर बसले. "गया, तोंड उघड."

ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "बाई, ते दोकडे पाह्य."

"पाहिले."

"त्यायनंच तुडवले सारे. कमरेपर्यंत पोत्यात उभं राहून. मी वरून कापूस टाकत होती अन् ते नाचल्यावानी तुडवत होते, हसून हसून. त्यायच्या पायाचा दाब अजून त्याच्यात आहे. मी घास घेतला का गाड्या जातीन."

"अन् नाई घेतला तर तू जाशील."

"तुले काय होते मंग?"

काय होतं? आधी नवरा, मग आई, मग बाप, असं एकेक करून घर रिकामं झालेलं असताना उरलेलं शेवटचं माणूस खांबाला टेकून वाळतंय, हे मला होत होतं. मी चार बोटांत कण्या घेतल्या आणि तिच्या ओठाला लावल्या, तिने मला लावल्या होत्या तशाच. ओठ मिटलेले. मी हात काढला नाही. ताक तिच्या हनुवटीवरून ओघळलं. पण भूक शेवटी अंगाचीच असते. तिचं तोंड उघडलं आणि तिने गिळलं.

"झाला रे घास," दारातून कुणीतरी ओरडलं.

दुसरा घास मी उचलला तोवर बैल आणले गेले. तिसऱ्याला पहिली गाडी हलली. गया खात राहिली, गाड्यांकडे बघत, डोळ्यांतून पाणी न काढता, पूर्ण वाटी. किसन शेवटच्या गाडीबरोबर निघाला. जाताना माझ्या पायाला हात लावून गेला. तो हात मला अजून लागतो.

"माझ्यासोबत चल," मी गयेला म्हटलं. "अंजनगावात घर आहे, परडं आहे."

तिने वाटी खाली ठेवली. "तू आली नसती तं गाड्या उभ्या राह्यल्या असत्या," ती म्हणाली. आणि उठून ओट्यावर सांडलेला कापूस वेचायला लागली. मी दोन दिवस राहिले. ती रोज जेवली. माझ्याशी बोलली नाही.

परतीची वाट तीच, रिकाम्या गाडीत बसायला ऐसपैस जागा. घरी आले तर परड्यातली अंबाडी जून झाली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळतं की गया बरी आहे, अंगाने भरली आहे, वेचणीला सगळ्यांच्या पुढे असते. निरोप मात्र माझ्यासाठी नसतो. मी जे करायला गेले होते ते झालं, यात खोट नाही. ती जिवंत आहे.

तुमच्यापैकी कुणाला असं निघायची वेळ आली तर ज्वारी अख्खीच न्या, पूर्णेच्या अलीकडे पाणी भरा, जातं गृहीत धरू नका. आणि पोचल्यावर चूल पेटवण्याआधी एवढं बघून घ्या की त्या घरात तुमच्या घासाची वाट नक्की कोण बघतंय.