उरलेला बोल्ट

नारायण पेठेतल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये पूर्वी पिठाची गिरणी होती. गिरणी बंद पडली आणि तिथे वैजनाथची गाडी येऊन पडली. गिरणीचा निदान उपयोग तरी होता.

वैजनाथ आमचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मूळचा वाशीमकडचा, पिंपरीच्या एका कारखान्यात होता. नवी यंत्रं आली, जुनी माणसं नकोशी झाली, तेव्हा चारचौघांबरोबर त्यानंही स्वेच्छानिवृत्ती घेतली. इच्छा नक्की कुणाची होती, ते मी विचारलं नाही. त्या पैशांतून त्यानं एक डुक्कर फियाट आणली. पुढून डुकरासारखी दिसते म्हणून लोक तिला तसं म्हणतात. पन्नास सालानंतरची, फुगीर बॉनेटची, पार गंजलेली. "गोदाताई, ही चकाचक करून लग्नांना भाड्यानं द्यायची," असं तो मला सांगत असे. वर्षाच्या आत छातीत कळ येऊन तो गेला. गाडी इंचभरही हलली नव्हती.

त्याची बायको दुर्गाबाई पायमशीनवर ब्लाउज शिवून घर चालवू लागली. मशीन बरोबर माझ्या पलंगाच्या वर. माझी दुपारची झोप त्या खडखडाटानं कायमची गेली आणि ते मी तिला दर आठवड्याला ऐकवत आले. ती ऐकून घेई आणि शिवत राही. शेडकडे मात्र ती बघतसुद्धा नसे. नळावर येतानाही तोंड फिरवून येई. नवऱ्याला त्या गाडीनंच नेलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आणि त्याच गाडीला हात घातला तिच्या मुलीनं, पूर्णिमानं. ही तेविशीतली पोर हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होती. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या, हे तिचं काम. त्याचा म्हणे पगार मिळतो. आमच्या पेठेत हे काम लोक फुकट करतात.

पगाराचा मोठा भाग घरात जाई. उरेल त्यात गाडी. रविवारी जुन्या बाजारात उकिडवं बसून ती ढिगातून दिवे, दाराच्या कड्या शोधायची. सुरुवातीला तिला पान्याचे नंबर कळत नव्हते. उलट्या बाजूनं पिळून पिळून एका बोल्टचं डोकंच तिनं गोल करून टाकलं आणि मग माझ्या पायरीवर बसून रडली. गल्लीतले लोक खिडक्यांतून उंटावरून शेळ्या हाकत होतेच. पण पोरगी चिवट. हळूहळू तिनं गाडी पार सुटी केली. प्रत्येक भागाचे नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घालून डबे फळीवर ओळीनं मांडले. पहिला डबा डाव्या चाकाचा, दुसरा उजव्याचा, असं.

"डब्यांवर लिही गं काहीतरी," मी म्हणाले.

"लक्षात आहे माझ्या, मावशी. जागेवरून कळतं ना."

 हट्ट धरणं माझ्या स्वभावात आहे, पण त्या दिवशी तो धरला नाही.

त्यातच मला शेड पाडायची होती. ठेकेदाराला मी तुळशीच्या लग्नाची तारीख देऊन टाकली होती आणि पूर्णिमाला आधीच सांगितलं होतं. वैजनाथचा कारखान्यातला सोबती महिपती खडकवासल्याजवळच्या गावात राहतो, तो गाडीला जागा द्यायला तयार झाला. पण त्याची अट होती. फोनवर म्हणाला, "पोरी, चालत आली तर दारात जागा हाय. टेंपोत घालून आणू नगं. वैजूची गाडी हाय ती, तिचं मढं न्हाई बघायचं मला." म्हणजे त्या तारखेला गाडी आपल्या पायांनी निघाली तर ठीक, नाहीतर भंगारवाला बोलावायचा. बापाची एवढी एकच गोष्ट तिच्या हातात होती, आणि तीही जायची वेळ आली होती.

खंडेनवमीला अमेरिकेत सुट्टी नसते, त्यामुळे पूर्णिमाच्या कंपनीलाही नव्हती. ती पहाटेच बसनं गेली. दुपारी मी बाहेर येऊन बघते तर नळाशी दुर्गाबाई परात घेऊन बसलेली. परातीत रॉकेल, हातात जुना ब्रश. आधी आपल्या मशीनचे सुटे होणारे भाग, मग कात्र्या, विळी, सगळं तिनं घासून घेतलं होतं. आता शेडमधले श्रीखंडाचे डबे एकामागून एक परातीत रिकामे होत होते.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"हत्यारांची पूजा आहे ना ताई आज. तिच्या बाबांनी हौसेनं आणलेली गाडी. मी आजवर हात लावला नाही, फार चुकलं माझं. पोरगी एकटी मरमर मरतेय."

तोवर बहुतेक डबे रिकामे झाले होते. आता ओरडून काय उपयोग होता? संध्याकाळी पूर्णिमा आली तेव्हा शेडमध्ये पाटावर सगळे नटबोल्ट आरशासारखे लखलखत होते. मोठ्यापासून लहानापर्यंत, रांगोळी काढावी तसे गोल गोल मांडलेले. वर झेंडू, हळदकुंकू. रिकामे डबे धुऊन उपडे घातलेले.

पूर्णिमा दारातच उभी राहिली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. दुर्गाबाई हसून म्हणाली, "बघ, एकालाही गंज ठेवला नाही."

"छान दिसतंय, आई," पोरगी म्हणाली आणि वाकून पाटाला नमस्कार केला.  जेवली नाही ती त्या दिवशी. पण कारण आईला दोनच दिवसांत कळलं. पोरगी एकेक बोल्ट हातात घेऊन तासन्‌तास बघत बसते, हे काय लपतं? तेव्हापासून दुर्गाबाईच्याही घशाखाली घास उतरेना.

पुढचा महिना पूर्णिमानं कसा काढला, ते तिलाच ठाऊक. एका गॅरेजात तशीच गाडी होती. तिथे जाऊन ती गाडीखाली आडवी व्हायची, कुठे कोणता बोल्ट आहे ते बघायची, परत येऊन लावायची. रात्री दचकून उठायची. ऑफिसातही म्हणे तिला समोरच्या पडद्यावर चाकंच दिसत. एकदा मला म्हणाली, "मावशी, मला भीती वाटते. चुकलं तर गाडी बंद पडेल याची नाही. गाडी चालेल आणि थांबणार नाही, याची."

शेवटी गाडी जुळली, सुरूही झाली. अंगणात पुढेमागे झाली, ब्रेकही लागला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पूर्णिमाच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. तिनं पुन्हा चाकं काढली, पुन्हा लावली. मग पुन्हा काढली. मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी ठेकेदाराची माणसं पहारी घेऊन दारात हजर. दुर्गाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून खाली आली. "ह्यांच्या गाडीत पहिली मी बसणार," म्हणाली, आणि पिशवी विसरली म्हणून पुन्हा वर गेली. पूर्णिमा मूठ आवळून गाडीला टेकून उभी होती.

"अगं, गाडी चालतेय ना? मग अडलं कुठे?" मी खेकसले.

तिनं मूठ उघडली. तळहातावर अंगठ्याएवढा एक बोल्ट होता, त्यावर नट.

"हा उरलाय. कुठला, काही केल्या कळत नाही. सगळं दोनदा खोलून पाहिलं. ब्रेकचा असला तर? अंगणात लागला म्हणून खडकवासल्याला जाताना सिंहगड रोडवर लागेलच असं नाही ना. आईला कशी बसवू मी?"

"आईलाच विचार की. तिनंच धुतलेत."

"नाही हो. ती म्हणेल माझ्यामुळे झालं. आधीच जेवत नाही धड."

मला संताप आला. एक जेवत नाही म्हणून दुसरी बोलत नाही! "धन्य आहात दोघी," मी म्हणाले. "तुझ्या आईचं काय चाललंय ते तरी ठाऊक आहे का तुला? दिवसभर खिडकीत बसून हातशिलाई करते. डोळे जातील अशानं. मशीन नवमीपासून बंद आहे. मला दुपारची झोप लागायला लागली, देव पावला, एवढंच."

पूर्णिमानं माझ्याकडे पाहिलं. "नवमीपासून?"

आणि ती जिन्याकडे पळाली. मीही गुडघे सांभाळत मागोमाग गेले.

मशीन कोपऱ्यात, वर चादर घातलेली. पूर्णिमानं चादर ओढली आणि खाली वाकली. खालच्या, पायानं दाबायच्या पायट्यापासून चाकाकडे जाणारा दांडा परकराच्या नाडीनं बांधलेला होता. नाडी पुन्हा पुन्हा तुटलेली, गाठींवर गाठी मारलेली. जिथे बोल्ट असायचा तिथे रिकामं भोक.

दुर्गाबाई पिशवी हातात घेऊन उभी होती. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला तिचा.

"एकाच परातीत धुतलं होतं ना," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या गाडीत कुठंतरी बसला असेल. मागितला असता तर तू पुन्हा सगळी खोलली असतीस."

"मी खोललीच, आई. दोनदा."

 मग पूर्णिमानं जमिनीवर बसून नाडी कापली, दांडा भोकाशी धरला आणि बोल्ट सारला. तो सरळ बसला. नट आवळताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. दुर्गाबाईनं पायटा दाबला. माझ्या पलंगाच्या वर, महिन्यानं, तोच खडखडाट सुरू झाला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

खाली पहारीवाले घाई करत होते. दुर्गाबाई पुढच्या सीटवर बसली. पूर्णिमानं किल्ली फिरवली आणि गाडी गल्लीतून निघाली. सुरू झाल्याचं कौतुक आता मला नव्हतं. मी फाटकाशी उभी राहून गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. तिथे मंडईतून येणारी भाजीची हातगाडी अचानक आडवी आली. दुर्गाबाईनं मुलीचा दंड धरला, एवढं मागच्या काचेतून दिसलं.

गाडी थांबली.