वाटणीतले पाच स्पीकर

माझा स्वभाव तापट. मशीन चाललं नाही की मी आधी माणसांवर ओरडते आणि मग माहितीपुस्तिका उघडते. अमरावतीहून हिंजवडीत नोकरीला आले, तेव्हा जवळच्याच चांदे गावात वरच्या मजल्यावर खोली घेतली. खाली घरमालक, दोघे भाऊ, मधे एक भिंत. थोरले वयाने बरेच मोठे, धाकटा माझ्याच वयाचा. रस्त्याकडची जमीन विकल्यावर दोघांनी मिळून होम थिएटर आणलं. पण ते खोक्यातून निघेपर्यंत घराची वाटणी झाली होती आणि तिच्यात स्पीकरही आले!

हसू नका. कॉम्प्युटर आणि स्पीकरांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर थोरल्यांकडे, म्हणून पुढचे तीन त्यांचे. मागचे दोन धाकट्याचे. भिंतीला भोक पाडून त्यांची वायर पलीकडे नेलेली. चित्रही त्याच भोकातून धाकट्याच्या टीव्हीवर जायचं. "अहो, पाचही एकाच खोलीत लावायचे असतात," मी कानीकपाळी ओरडले. थोरले म्हणाले, "ताई, तुमी वायर जोडा. वाटणीचं आमी बगतो."

जोडलं. थोरल्यांकडे दणदणाट, धाकट्याकडे शुकशुकाट. त्याचे दोन्ही स्पीकर मुके.

वायर बदलून झाली, उंदरांवर आळ घेऊन झाला. "इकडचे तिकडे लावून बघू, एका मिनिटात कळेल," मी म्हटलं. दोघेही हटून बसले. एकदा वाटणी झाली की अदलाबदल न्हाई! महिना गेला, दुसरा गेला. धाकटा भावाशी बोलेनासा झाला. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाला, "ताई, खरं सांगा. खराब हायेत म्हनूनच दादानं मला दिलं ना? जमिनीतबी असंच केलं असंल." तसं नसेल हो, मी म्हटलं. त्याला काही पटलं नाही. मी गावी निघाले की न सांगता माझी बॅग थांब्यापर्यंत उचलून नेणारा माणूस तो. मला फार वाईट वाटलं.

एका रविवारी चिडूनच थोरल्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि सिनेमा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगची ओळन् ओळ वाचायला घेतली. तिथे दिसलं: स्पीकर, दोन. बाप्पा! जोडताना ते सेटिंग मीच केलं होतं; माझ्या खोलीत दोनच स्पीकर, म्हणून हात सवयीने दोनवरच गेला होता. कॉम्प्युटर रिसीव्हरला पुढच्या दोन स्पीकरांपुरताच आवाज पाठवत होता, मागच्यांच्या वाट्याला काही येतच नव्हतं. दोन भावांत आग लावणारी बया मीच निघाले.

सेटिंग बदललं. भिंतीपलीकडून आरोळी आली, "आला! आला आवाज!" पाच मिनिटांत धाकटा दारात हजर. "ताई, नुसता वारा सुटलाय अन् घोडी पळत्यात. मानसं बोलत्यात कुटं?"

"माणसं पुढच्यांतून बोलतात. मागच्यांना वारा आणि घोडीच," मी म्हटलं. मग थोरल्यांसमोरच सगळं कबूल केलं. स्पीकर पहिल्यापासून चांगलेच होते, चूक माझी होती. आता दोघेही खरडपट्टी काढणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हंजी दादानं खराब न्हाई दिलं?"

"नाही."

"जानूनबुजून न्हाई?"

"नाही हो, शप्पथ!"

तो उंबऱ्यावरच बसला आणि बाहीने डोळे पुसायला लागला. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

थोरल्यांनी आपल्या तिन्ही स्पीकरांच्या वायरी सोडल्या, एक काखोटीला मारला आणि पलीकडे निघाले. रिसीव्हर मला उचलायला लावला. दोन खेपांत सगळं धाकट्याच्या खोलीत आलं. मी जोडत असताना त्यांनी विचारलं, "ताई, सगळ्यात चांगलं कुटनं ऐकू येतं?"

मी मधली जागा दाखवली. त्यांनी तिथे सतरंजी अंथरली, धाकट्याला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं आणि स्वतः दाराशी, मागच्या स्पीकरखाली जाऊन बसले.