पहिलं घोंगडं आणि बिडकर सर

बिडकर सरांना गॅस संपला म्हणून सांगितलं तरी ते विचारायचे, "कशावरून?" शेगडी पेटत नाही म्हटलं, तर म्हणायचे, "ते लक्षण झालं बाई, पुरावा नव्हे." मग स्वतः उठून यायचे, सिलिंडर हलवून बघायचे आणि "हं, संपलाय" असं म्हणायचे. त्यांनी म्हटल्यावरच जणू तो संपायचा. तोवर माझं भिजवलेलं पीठ वाळून जायचं.

सात वर्षं मी त्यांच्याकडे स्वयंपाक आणि केरफरशी केली. जुळे सोलापुरात त्यांचं छोटं घर. सर ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी बंगळुरात. घरात माणूस एकटा, पण आव शंभर माणसांचं घर चालवल्याचा. इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करावं, छापील पुरावा नसेल तर जुन्या संपादकांनी ते परत फिरवावं, पगार कुणालाच नाही. सर त्यातले जुने संपादक. आंघोळ चुकली तरी ते काम चुकायचं नाही.

"ज्ञान सगळ्यांचं असतं बाई, तुमचंसुद्धा," असं ते मला चहाचा रिकामा कप देताना म्हणायचे. तो कप सात वर्षांत एकदाही त्यांनी स्वतः मोरीत नेऊन ठेवला नाही.

मला वाचता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. चौथीपर्यंत मी शाळेत गेले, पुढं मेंढरांमागं. पण वाचणं सुटलं नाही. पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्यामुळं टेबल पुसताना पडद्यावरचं सगळं मी वाचायची आणि सर मात्र माझ्या देखत निर्धास्त असायचे, जसा माणूस भिंतीवरच्या पालीदेखत असतो.

रविवारी त्यांची मंडळी जमायची. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आणि कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेल्या एक बाई हे दोघं नेमाचे. तिघं तीन संगणक उघडून बसायचे आणि एकमेकांशी तोंडानं बोलायचं सोडून पडद्यावर भांडायचे. एका खोलीत बसून साहेबांनी बाईंची ओळ खोडायची, बाईंनी ती परत आणायची, आणि मग दोघांनी सरांकडं बघायचं. सर न्यायाधीशासारखा चष्मा काढायचे.

एका रविवारी ते कडक भाकरीवर लिहीत होते. साहेब म्हणाले, "तेलात भाजतात." ग्रंथालयवाल्या बाई म्हणाल्या, "छे, बेक करतात." सरांनी कपाटातून पाककृतीचं एक पुस्तक काढलं. त्यात तेल लिहिलेलं होतं. "झालं! पान क्रमांकासहित," असं म्हणून सरांनी तेल लिहून टाकलं. त्या वेळी मी दहा पावलांवर स्वयंपाकघरात कडक भाकरीच करत होते. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मंद आचेवर कडक होईपर्यंत वाळवायची. तेलाचा थेंब नाही. मी ताट नेऊन ठेवलं. तिघांनी भाकरी कडाकडा मोडून शेंगाचटणीबरोबर खाल्ली आणि साहेब म्हणाले, "वा! बाई, तेल अगदी बेताचं घातलंय हं तुम्ही."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

आमचं गाव सांगोल्याकडं, माळरानाचं. गावात बिरोबाची जत्रा भरते. पालखी देवळातून निघाली की पहिल्या पायरीपाशी जमिनीवर काळं घोंगडं अंथरतात आणि पालखी आधी त्यावर टेकवतात, मगच गावात फिरते. ते घोंगडं आमच्या घरचं. आमच्याच मेंढरांची लोकर, आमच्याच घरात कातलेली. माझ्या बापानं ते अंथरलं, त्याच्या आधी त्याच्या बापानं. बाप गेल्यावर माझा धाकटा भाऊ अंथरू लागला. आमच्याकडं जमीन नाही, पैसा नाही, शिक्षण नाही. वर्षात एक दिवस अख्खं गाव आमच्या भावाची वाट बघत थांबतं, एवढीच आमची कमाई.

एका वर्षी मी जत्रेला सुट्टी मागितली. सरांचे डोळे चमकले. "तुमच्या गावावर लेख नाही अजून! सांगा, मानकरी कोण?"

मी लाजत सांगितलं, "पयलं घोंगडं आमच्या घरचं असतंय की."

सर हसले. हसणं वाईट नव्हतं, लहान पोरानं 'मी राजा' म्हटल्यावर हसतात तसं होतं. "असं नाही चालत बाई. स्वतःच्या घराबद्दल स्वतः सांगितलेलं आमच्याकडे धरत नाहीत. नियम आहे."

मग त्यांनी कुणाकुणाला विचारून आमच्या पाटलांच्या नातवाचा नंबर मिळवला. तो वकील आहे. त्याला फोन केला, अर्धा तास अहो-जाहो बोलले आणि लिहिलं, 'पहिल्या घोंगड्याचा मान पाटील घराण्याकडे आहे.' पाटलाच्या नातवानं पाटलाबद्दल सांगितलेलं स्वतःच्या घराबद्दलचं कसं झालं नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. सरांना कळलं असेल. ते शिकलेले होते.

त्या ओळीपुढं त्यांनी कंसात 'संदर्भ हवा' असं लिहून ठेवलं. म्हणजे हे छापील कुठं तरी सापडलं पाहिजे, तोवर कच्चं. मला वाटलं, कच्चं आहे तर जाईल गळून.

पुढच्या जत्रेला एका छोट्या वर्तमानपत्रानं यात्रांची पुरवणी काढली. आमच्या गावाबद्दल चार ओळी होत्या. शब्द न् शब्द सरांचे, कंस तेवढा गाळलेला. सरांनी तो कागद वाचला आणि मांडीवर थाप मारली. "बघा साहेब! मी म्हणत होतो ना? संदर्भ मिळाला!" साहेबांनी टाळी दिली. सरांनी 'संदर्भ हवा' काढून त्या जागी वर्तमानपत्राचं नाव घातलं. मी फरशी पुसत होते. स्वतःच्याच आवाजाचा पडसाद ऐकून 'बघा, डोंगरसुद्धा माझ्याच बाजूनं आहे' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. शिक्षण इतकं करून माणूस इतका भाबडा राहतो, की भाबडा राहायचं ठरवतो, याचा मी बराच विचार केला. ठरवतो, असं माझं मत आहे.

त्या वर्षी जत्रेच्या बैठकीत पाटलाच्या नातवानं दोन कागद काढले. एक ज्ञानकोशाचा, लिहिणारे म्हणून सरांचं नाव असलेला, आणि एक वर्तमानपत्राचा. म्हाताऱ्यांनी आमची बाजू घेतली, पण नव्या कमिटीतली मंडळी म्हणाली, "नेटवर हाय, पेपरात हाय, आता काय म्हणणार?" पाटलांनी दुकानातून नवं घोंगडं आणलं आणि ते अंथरलं. माझा भाऊ आमचं घोंगडं काखेत धरून मागं उभा राहिला.

त्याचा फोन आला. "आक्का, त्या कागदावर ज्यांचं नाव हाय, तू त्यांच्याच घरात भाकरी थापतीस न्हवं?"

"व्हय."

"मग सांग की त्यास्नी. एक ओळ तर हाय. पुढच्या जत्रंपतुर बदलली तर बैठकीत दावता येईल."

"सांगते की."

"सांगशील न्हवं? का गप बसशील नेहमीवाणी?"

मी फोन ठेवला आणि अकरा दिवस गप्प बसले.

बाराव्या दिवशी चहा ठेवताना बोलले. "सर, ते घोंगड्याचं चुकलंय." सरांनी मान वर केली नाही. "कशावरून?" मी म्हटलं, "मी बघितलंय की. माझा बाप अंथरायचा." तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "बाई, माणूस हा संदर्भ नसतो. माणूस विसरतो, फुगवतो, खोटं बोलतो. कागद आणा, मी लगेच बदलतो. माझं काय वैर आहे का तुमच्याशी?"

वैर नव्हतंच. वैर असायला समोर माणूस दिसावा लागतो.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट न लिहिणं बरोबर होणार नाही. सर लबाड नव्हते. कुणाचा रुपया त्यांनी खाल्ला नाही, मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, माझ्या तापात गोळ्या आणून दिल्या. आणि एकदा मी त्यांना रडताना पाहिलं. बार्शीच्या बाजूच्या एका पडक्या देवळावर त्यांनी लेख लिहिला होता, दोन वेळा एसटीनं जाऊन. दुसऱ्या कुठल्या गावच्या संपादकानं 'संदर्भ अपुरे' म्हणून तो काढून टाकला. सर दोन वेळा जेवले नाहीत. फोनवर साहेबांना सांगत होते, "अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय ते देऊळ! हातानं चाचपलंय!" आवाज रडवेला झाला होता. मी दाराआड उभी होते. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

मग ती मोहीम आली. महिनाभरात कोण जास्त लेख लिहितो अशी त्या संपादकांची शर्यत. सर खुर्चीतून उठेनात. ताट झाकून ठेवावं तर दुसऱ्या दिवशी तसंच. त्यांना साखरेचा आजार. गोळी वेळेवर घ्यायचे, जेवायचं विसरायचे. एका सकाळी मी गेले तर घामानं भिजलेले, डोळे फिरलेले, भलतंच बडबडत होते. शेजारच्यांना हाक मारली, रिक्षात घातलं, दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण पोरगी होती. "बरोबर कोण आहे? यांना काय काय होतं?"

शेजारी माझ्याकडं बघायला लागले. मी तोंड उघडलं आणि कसं कोण जाणे, सगळं नीट बाहेर पडलं. "सकाळी एक पांढरी गोळी, रात्री अर्धी. परवापास्नं पोटात घास न्हाय, नुसता बिनसाखरेचा चहा. काल सकाळची गोळी दोनदा घेतलीय, पाकिटातली एक जास्त गेलीय. पयल्यांदा असं झालं तवा लिंबू-साखर दिली होती मी."

डॉक्टर ऐकत होती आणि भराभर लिहीत होती. मध्ये एकदाही 'कशावरून' म्हणाली नाही. सलाईन लावलं. तासाभरात सरांनी मला ओळखलं.

चार दिवसांनी सर घरी आले. रविवारी साहेब आणि ग्रंथालयवाल्या बाई भेटायला. सरांनी दवाखान्याची फाईल मागितली. छापलेलं, लिहिलेलं काहीही असो, ते वाचल्याशिवाय त्यांना चैन नसे. फाईल इंग्रजीत. सर मंडळींना मराठीत सांगत होते आणि एका ओळीला थांबून हसले. "ऐका हं. 'माहिती देणारी व्यक्ती: घरकाम करणारी बाई. माहिती विश्वासार्ह.'"

साहेब खो खो हसले. "अहो बाई, आता तुमच्यावरच लेख काढायला पाहिजे!"

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो खाली ठेवला.

"सर, आता माझं कागदावर आलंय की."

"काय?"

"मी खरं सांगते असं. डॉक्टरनं लिवलंय. आता ती घोंगड्याची ओळ बदला."

सरांनी फाईल मिटली. "हे वैद्यकीय आहे बाई. तिथं चालतं. ज्ञानकोशाचा नियम वेगळा असतो."

"म्हंजी तुमच्या जिवाला मी चालते, आन देवाच्या घोंगड्याला चालत न्हाय?"

आयुष्यात इतकं मोठ्यानं मी कुणासमोर बोलले नव्हते. ग्रंथालयवाल्या बाईंनी नजर पायांकडं वळवली. सर माझ्याकडं बघत राहिले. सात वर्षांत पहिल्यांदाच बघितलं असावं. त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं, ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतील. संगणक हाताच्या अंतरावर होता. एक ओळ.

सर म्हणाले, "चहा गार होतोय."

मी चहा दिला. कप विसळून पालथे घातले, गोळ्यांचं पाकीट ताटाशेजारी ठेवलं, शेजारणीला जेवणाचं बघायला सांगितलं आणि किल्ली टेबलावर ठेवून आले. परत गेले नाही.

सर ठीक आहेत. भाजी घेताना साहेब भेटले, त्यांनी सांगितलं. त्या शर्यतीत सर दुसरे आले. नवी स्वयंपाकीण तेलातली कडक भाकरी करते, ज्ञानकोशात बघून सरांनीच तिला शिकवली म्हणे. ती मऊ पडते.

ती ओळ तशीच आहे. भाचीच्या मोबाइलवर मी अधूनमधून बघते. जत्रेला भाऊ जातो, घोंगडं काखेत घेऊन मागं उभा राहतो. 'तू बोललीस, एवढं पुरं हाय, आक्का' असं म्हणतो. मला पुरं नाही. म्हणून भाचीच्या जुन्या वहीत हे लिहून ठेवलं.

आमच्या गावच्या जत्रेत बिरोबाची पालखी पहिल्या पायरीशी ज्या घोंगड्यावर टेकते, ते माझ्या बापाच्या घरचं. तो गुडघ्यावर बसून ते अंथरायचा आणि चारी कोपरे हातानं सारखे करायचा. मी पाहिलंय.