सुकलालनानांनी टाकीवर लिहिलं होतं

सुकलालनानांवर अन्याय झाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता. जळगावात असोदा रोडवर त्यांचं दुचाकीचं गॅरेज. तिथे दोन पोलीस आले, हात पुसायलाही न देता त्यांना घेऊन गेले आणि दिवे लागेपर्यंत ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. घरोघरी पार्सलं पोहोचवणाऱ्या एका एजन्सीने लेखी दिलं होतं की आमचा माणूस मेला तो या मिस्तरीने क्लचचं काम नीट केलं नाही म्हणून. हे खोटं आहे. नानांनी ते काम केलं नव्हतं, कारण त्यांना ते करूच दिलं नव्हतं. त्यानंतर चौथ्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, नाना गेले. मी धुळ्याच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होतो. नानांच्या बायकोचा, अक्कांचा, फोन आला. "तुना नाना ग्यात, भाऊ..." एवढंच बोलल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. डॉक्टरांशी माझं भांडण नाही. पण नाना हृदयाने गेले असं मी लिहिणार नाही.

नानांची माझी ओळख माझ्याच अडाणीपणामुळे झाली. कॉलेज संपत आलं होतं, आमच्या संघटनेच्या सभा मुक्ताईनगरपासून धुळ्यापर्यंत, आणि बुडाखाली वडिलांची जुनी मोटरसायकल. पहिला गिअर टाकला की हातोडा बसल्यासारखा आवाज यायचा. पुढचे गिअर इतके जड की चपलेचा अंगठा तुटला. चौकात थांबलो की न्यूट्रल सापडायचा नाही, इंजिन बंद केलं की लगेच सापडायचा. मी आपला दर आठवड्याला पाना घेऊन क्लचची वायर ताणत होतो. नानांनी गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "कोना हात लागना इले?" म्हटलं, माझाच. "मंग तू सभाच घे, भाऊ. गाडी नको उघाडू." शेजारच्या टपरीवरची चार माणसं हसली. मला राग आला होता, आजही आठवलं की थोडा येतो.

मग त्यांनी गाडी डबल स्टँडवर लावली, चालू केली, पहिला गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबून धरला आणि फिरणाऱ्या मागच्या चाकावर हलकेच बूट टेकवला. चाक थांबायला हवं होतं. थांबलं नाही, बूट घासत फिरत राहिलं. "आपन म्हननूत थांब, ती म्हनस मी चालनू," नाना म्हणाले. क्लच दाबला म्हणजे इंजिन आणि चाक वेगळं व्हायला हवं. आतल्या प्लेटा वाकल्या, की ते वेगळं होत नाही. माणसाने मूठ आवळलेली असते आणि गाडी पुढे सरकतच असते. गिअर जड जातो तो त्याचमुळे, आणि आपण बिचाऱ्या गिअरला लाथा घालतो. नाना आधी क्लचच्या दांडीची ढील बघत, मग वायर, मग ऑइल. तरी चाक थांबलं नाही तर इंजिनची बाजू उघडायची, प्लेटा बदलायच्या, ज्या डब्यात त्या बसतात त्याच्या कडांना पडलेल्या खाचा कानशीने घासून सपाट करायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. पुन्हा बूट टेकवायचा. चाक थांबल्याशिवाय गाडी मिळायची नाही.

मालक 'नको' म्हणाला तर? गाडी त्याची, जबरदस्ती करता येत नाही. अशा वेळी नाना खिशातला खडू काढत आणि पेट्रोलच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहीत. 'ब्रेक लागत नाही.' 'क्लच सोडत नाही.' खाली 'चालवू नये.' बिल नाही, पावती नाही, वही नाही... हाच त्यांचा कागद. आणि आम्ही सगळे काय करायचो? पुढच्या चौकात बाहीने पुसून टाकायचो. टाकीवर असली पाटी घेऊन गावात फिरायची लाज वाटायची. माझ्याही टाकीवर त्यांनी एकदा लिहिलं होतं, तेव्हा मला सभेला उशीर होत होता. मी रुमालाने पुसलं.

गणेश असोद्याचा, माझ्याच वयाचा. एजन्सीच्या गाडीवर पार्सलं वाटायचा. पोळ्याच्या चार दिवस आधी तो आला तेव्हा मी शेजारच्या टपरीवर आणखी तिघांसोबत चहा पीत बसलो होतो. "नाना, गिअर जड जातोय, पटकन बघा." नानांनी बूट टेकवला. चाक फिरतच राहिलं. "बठ्ठ्या प्लेटा गयात इन्या. गाडी ठेव आठे." सगळ्याच प्लेटा गेल्या होत्या. गणेशने मॅनेजरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी शब्दन् शब्द ऐकला.

"प्लेटा-बिटा काही नाही. वायर ताणा आणि पाठवा. गाडी अर्धा दिवस उभी राहिली तर पार्सलं तुम्ही वाटणार का?"

"वाटतो ना साहेब," नाना म्हणाले. "पत्ते पाठवा."

तिकडून फोन कट. गणेश हसला, मग हसू आवरून म्हणाला, "द्या नाना गाडी. माझ्या जागेवर दहा जण उभे आहेत." नानांनी वायरला हात लावला नाही. खडू काढला, टाकीवर लिहिलं, 'क्लच सोडत नाही. चालवू नये.' आणि चावी दिली. गणेश रस्त्याला लागला आणि कोपऱ्यावर वळताना त्याने बाही टाकीवरून फिरवली. ते मी पाहिलं. फोन माझ्या हातात होता. दिवसाला शंभर फोटो काढणारा मी, त्या टाकीचा एक काढला नाही. मला ते नेहमीचंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी हायवेच्या चौकात गणेश थांबला होता. चौकातल्या हॉटेलवाल्याने पाहिलं : क्लच दाबलेला, पाय न्यूट्रल शोधतोय, गाडी एकेक वीत पुढे सरकतेय. मग पाय निसटला, आतल्या प्लेटा एकदम चिकटल्या, गाडीने उडी घेतली आणि समोरून टँकर जात होता... पुढचं मी लिहीत नाही. गाडीच्या मडगार्डवर नानांच्या गॅरेजचं स्टिकर सापडलं. कधीतरी चेन बसवली होती, तेव्हाचं. एजन्सीला तेवढं पुरलं. पेपरात बातमी आली, 'मिस्तरीच्या हलगर्जीपणाचा बळी'. आठवड्यात गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या ढकलत घेऊन गेली.

नाना असोद्याला गणेशच्या घरी गेले. मी सोबत होतो. गणेशचे वडील दारात आले, नानांकडे बघितलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. नाना उन्हात उभे राहिले. मी म्हणालो, चला, मी पत्रक काढतो, तुमची बाजू सगळ्या गावाला सांगतो. "पत्रकवरी गाडी थांबत नही, भाऊ," म्हणाले. आणि परत वळताना, "लिखं मी. पन चावी बी मीच दिधी ना?" त्यानंतर शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी हेच वाक्य होतं. अक्का जेवायला बोलवायच्या तेव्हाही हेच. ज्याने वायर ताणायला सांगितली त्या मॅनेजरला असा प्रश्न एकदा तरी पडला का?

मी ठाण्यात जबाब दिला. साहेब म्हणाले, "तुमचं काय हो, तुम्ही रोजच कोणाविरुद्ध तरी असता. दुसरं कोणी आहे का?" आहेत. त्या एजन्सीच्या किती गाड्यांवर नानांनी असंच लिहिलं होतं, ते पुसणाऱ्यांना ठाऊक आहे. मी प्रत्येकाच्या घरी गेलो. एकजण म्हणाला, "दादा, नोकरी आहे." दुसऱ्याने बायकोला दारात पाठवलं. टपरीवर माझ्याशेजारी बसून तोच फोन ऐकणारे तिघे आता म्हणतात, त्या दिवशी आम्ही नव्हतोच. नाना मेले तरी एजन्सीच्या तक्रारीचा कागद मेलेला नाही. चौकशी पूर्ण होईल तेव्हा त्यात सुकलालनानांचं नाव दोषी म्हणून राहील आणि अक्का ते नाव लावून जगतील.

चौकशीचे जबाब येत्या सोमवारपर्यंतच घेणार आहेत. तुम्ही त्या एजन्सीची गाडी चालवली असेल, त्या टपरीवर बसला असाल, तर हा पेपर खाली ठेवा आणि सोमवारी अकरा वाजता ठाण्यात या. मी दाराशी उभा असेन. नानांनी तुमच्या टाकीवर काय लिहिलं होतं आणि ते तुम्ही कुठल्या चौकात पुसलंत, ते साहेबांसमोर सांगा. आणि खाली सही करा, पूर्ण नावाने.