कुंपणाआतलं गवत

घरातून कॉलेजात गेलेली सोनिया पहिलीच. वडूजच्या पूर्वेला, पाऊस आला तर आला अशा मुलखातल्या एका वाडीत तिचं घर. ती तिसरीत असताना वडील गेले, तेव्हापासून चुलता अर्जुनानं मायलेकींना सांभाळलं. अर्जुनाकडं साठेक मेंढरं होती. स्वतःचं रान नावालाच. दिवाळीनंतर कोरेगावकडं उतरायचं, बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत वाडीमागच्या मोठ्या माळावर यायचं, असं त्याचं वर्ष जायचं. सोनियाच्या शिक्षणासाठी दरसाल काही कोकरं विकली जात. कुठली, ते चुलती सुलाबाई तिला कधी सांगत नसे.

साताऱ्याच्या कॉलेजात सोनियानं पर्यावरणाचा विषय घेतला. शाश्वत विकास शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, तिथं राहणाऱ्या माणसाला बाजूला सारून केलेला विकास टिकत नाही. ते वाक्य सोनियानं वहीत उतरवलं नाही. तसं करायची गरजच वाटली नाही. सुट्टीला घरी आली की मोरीचं पाणी वळवून भोपळ्याच्या वेलाला घाल, दुकानात कापडी पिशवीच ने, असं तिचं चालायचं. आई हसायची, पण ऐकायची.

पदवी हातात आली त्याच वर्षी माळावर सौरऊर्जेचा प्रकल्प यायचं ठरलं. कंपनीला गावाशी बोलणारं माणूस हवं होतं. सोनियाला नोकरी लागली. धुराशिवाय वीज, तीही आपल्या माळावर. तिला आपण शिकलो ते फळाला आल्यासारखं वाटलं.

माळाचे मालक बरेचसे फौजेत नाहीतर पुण्यात. त्यांनी लगेच सह्या केल्या. राहिली मेंढपाळांची अकरा घरं. सातबारावर त्यांचं नाव नव्हतं, पण ती अडून बसली असती तर काम थांबलं असतं. कंपनीचे जयराज साहेब सोनियाला म्हणाले, "तुमची माणसं आहेत. तुमचं ऐकतील."

सोनियानं कुणाला फसवलं नाही. परदेशात अशा पॅनेलखाली मेंढरं चरतात, हे ती कॉलेजात शिकली होती. तिनं चार पानी प्रस्ताव लिहिला. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "छान आहे. करू आपण."

ती थेट अर्जुनाकडं गेली. "तात्या, कुंपण हुईल, पण फाटक आपल्याला उघडं राहील. गवत वाढलं की त्यांच्या प्लेटांवर सावली पडती. त्यांना बी मेंढरं लागत्यात."

"कागदावर हाय का?"

"मी लिवलंय की."

"तू लिवलंयस. त्यानं सही केलीया का?"

"करत्याल."

अर्जुना बराच वेळ तंबाखू मळत बसला. "तू म्हणतीस तर हाय," तो म्हणाला. ग्रामसभेत पहिला हात त्यानं वर केला. मग बाकीच्या दहा घरांनी.

उन्हाळ्यात यंत्रांनी माळ सपाट केला. बोरी, हिवर, तरवड मुळासकट गेले. मेंढरं पाणी प्यायची ते तळं कुंपणाच्या आत गेलं. जूनमध्ये अर्जुना कळप घेऊन वर आला तर फाटकाला कुलूप, आणि वॉचमनला काहीच सांगितलेलं नव्हतं.

सोनियानं साहेबांना फोन लावला. "विमा कंपनी जनावरं आत घेऊ देत नाही," ते म्हणाले. "वायरी खाल्ल्या तर? मी सांगणारच होतो तुम्हाला. प्रस्ताव चांगला होता हं तुमचा."

ती कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात गेली. तिथं तिला चहा मिळाला. तिनं तीन पत्रं पाठवली, उत्तर एकाचंही आलं नाही. श्रावणात कुंपणाच्या आत गवत गुडघाभर झालं. तारेच्या या अंगाला मेंढरं दिवसभर उभी राहायची. प्लेटा धुवायला टँकर येत होता, आणि अर्जुना पाण्यासाठी कळप कोसभर लांब ओढ्याला नेत होता. मग एक दिवस पाठीवर पंप घेतलेली माणसं आली आणि त्यांनी सगळ्या गवतावर तणनाशक मारलं. सोनिया आडवी गेली. "बाई, आमाला वरनं सांगितलंय," ते म्हणाले आणि तिला वळसा घालून पुढं गेले. आठ-दहा दिवसांत माळ पिवळा पडला.

दिवाळीपर्यंत सहा घरांनी मेंढरं विकली. मग अर्जुनानंही टेंपो बोलावला. व्यापारी एकेका मेंढराची पाठ चाचपून वर चढवत होता. सुलाबाई घरातून बाहेर आली नाही.

"तात्या, एक तरी ठेवा," सोनिया म्हणाली.

"मेंढरू एकलं न्हाई राहात," अर्जुना म्हणाला.

तिला कुणीच बोल लावला नाही. नळावर ती गेली की बायका गप्प व्हायच्या, एवढंच. राजीनामा तिनं लिहिला होता. पण आता तिच्या पगारावर दोन घरं होती. कंपनीच्या वार्षिक अहवालात ग्रामसभेचा फोटो छापून आला. त्यात अर्जुनाचा वर केलेला हात होता आणि खाली ओळ होती : लोकसहभागातून शाश्वत विकास. तो अहवाल तिनं घरी नेला नाही.

तिच्या पगारावर बसून खायचं अर्जुनाच्या जिवावर आलं. तो आणि सुलाबाई तासगावकडं द्राक्षबागेत मजुरीला गेले. पौषात सोनिया त्यांना भेटायला गेली. सुलाबाई कात्रीनं मणी विरळत होती, तिच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. अर्जुना बांधावर येऊन बसला. त्याच्या अंगाला औषधाचा वास येत होता. उघड्या आभाळाखाली जन्म काढलेला माणूस वेलींच्या मांडवाखाली वाकून वाकून पोक काढल्यासारखा दिसत होता.

"तुजं काम बरं चाललंय न्हवं?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात खोच नव्हती. असती तर तिला बरं वाटलं असतं.

"व्हय, तात्या."

मुकादमानं हाक मारली तसा तो उठला. सोनियानं परतीची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी तिला जत तालुक्यात जायचं होतं. तिथल्या एका माळावर कंपनीचा नवा प्रकल्प होणार होता, त्यासाठी गावकऱ्यांची पहिली बैठक तिनंच घ्यायची होती.