नळाचा वार

आमच्या मालकांनी पुंडलिकनगरात दोन खोल्यांतून ऑनलाइन कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली, तेव्हा ऑर्डरी घ्यायचं काम माझ्याकडं होतं. माल पोचवायला माणूस गेला की गिऱ्हाइकाच्या घराला कुलूप असायचं आणि निम्मे खोके परत यायचे. मग मीच अक्कल लढवून ऑर्डरच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: नळाचा वार. त्या वर्षी दुष्काळ होता, नळ आठवड्यातून एकदाच यायचा आणि त्या दिवशी माणूस हमखास घरी सापडायचं. खोके परत येणं थांबलं. मालकांनी वरचा मजलाही घेतला, आणि मी मूर्ख, कॉलर ताठ करून फिरायला लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात नळ वार पाळेना, म्हणून आम्ही तारीख विचारू लागलो. शहर पसरतच होतं. एका दुपारी नव्या कॉलनीतल्या एका बाईंना मी फोनवर सवयीनं विचारलं, "नळाची तारीख?"

"कधीबी या भाऊ," त्या म्हणाल्या. "इथं नळच नाय. टँकरची वाट बघत मी रोज घरीच हाय."

मी हे मालकांना सांगितलं. ते खुश झाले. "म्हणजे आता लोक रोजच सापडणार! काढून टाक तो रकाना."

मी काढला. धंदा दुप्पट झाला.